टाइप वन, वाढलेलं वजन आणि रात्रीचा अर्धवट डोस

पत्र : मी 29 वर्षांची, राहणार इचलकरंजी. बाराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नाही, ते टोचून घ्यावं लागतं. सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते, दिवसभर बसून. दोन वर्षांपूर्वी माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 9.6 होतं. मग मनावर घेतलं, चारही इंजेक्शनं वेळेवर घेऊ लागले आणि दोन महिन्यांपूर्वी ते 7.2 आलं. पण वजन 59 वरून 68 किलोवर गेलं. उंची 155 सेंटीमीटर. दिवसाचं इन्सुलिन 58 युनिट. आठवड्यातून तीन-चारदा रात्री दोन-अडीचला शुगर लो व्हायची, मग लाडू, बिस्किटं, दूध, हाताला लागेल ते खायचं. सासरी म्हणतात, शुगरवाली माणसं वाळतात, ही तर सुटतच चाललीय. गेल्या महिन्यापासून रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन 12 ऐवजी 6 युनिट घेते. दोन किलो उतरले. सकाळची शुगर 260-280 येते. हे कुणालाच सांगितलेलं नाही. लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (किडनीतून प्रथिन झिरपतंय का ते दाखवणारा आकडा) 42 आलंय. वजनामुळे माझी किडनी जाईल का? सध्या सगळे बोलतात ते वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन घेऊ का? पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.
(नाव राखून ठेवलं आहे)

सप्रेम नमस्कार.

कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी घेते, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, तिला नाही. आजच तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांना फोन करा आणि पत्रात लिहिलंय तेच शब्द वापरा : ‘वजन उतरावं म्हणून मी रात्रीचं इन्सुलिन अर्धं घेतेय, आणि पूर्ण घेत होते तेव्हा रात्री लो व्हायची.’ दोन्ही अर्धी वाक्यं सांगणं गरजेचं आहे. नुसतं पहिलं सांगितलं तर ते डोस पूर्ववत करा म्हणतील आणि रात्रीची लो परत येईल. नुसतं दुसरं सांगितलं तर सकाळच्या 280 चा उलगडा त्यांना होणार नाही. जेवणाचा डोस पूर्ण ठेवून रात्रीचं लाँग ॲक्टिंग (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) कमी करायचं, की दोन्हींत थोडा बदल करायचा, हे तुमच्या वहीतले आकडे बघून त्यांनी ठरवायचं आहे. लाँग ॲक्टिंग तुम्ही स्वतःहून बंद करायचं नाही, कधीच नाही, ताप असला, जेवण गेलं नाही तरीही.

तोवर औषधाच्या दुकानातून लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायच्या पट्ट्या आणून ठेवा. शुगर 250 च्या वर असेल तेव्हा एक पट्टी वापरून बघा. कीटोन मध्यम किंवा जास्त दिसले, किंवा उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला फळांसारखा वास यांतलं काही सुरू झालं, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होणं, टाइप वनमध्ये काही तासांत उभा राहतो. इन्सुलिन कमी पडणं हे त्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण.

आता ते दोन किलो. ते उतरले खरे, पण त्यात चरबी किती आणि बाकी काय, हे समजून घ्या. इन्सुलिन कमी पडलं की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही, लघवीवाटे जाते, आणि जाताना पाणी ओढून नेते. शरीराला वाटतं उपासमार आहे, म्हणून ते स्नायूही मोडायला काढतं. म्हणजे काट्यावर जे कमी झालं, त्यात पाणी आणि स्नायूंचा वाटा मोठा. तेच डोस पूर्ववत झाला की भराभर परत येतं, आणि ते परत येताना बघून माणूस घाबरून पुन्हा डोस कापतो. या फेऱ्यात अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बोस्टनच्या एका मोठ्या डायबेटिस केंद्रात टाइप वन असलेल्या 234 स्त्रियांचा 11 वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्या इन्सुलिन कमी घेत असल्याचं सुरुवातीला सांगत होत्या, त्यांच्यात मृत्यूचा धोका तिपटीहून जास्त निघाला आणि किडनीचे व पायांचे त्रासही जास्त दिसले. हे भीती घालायला लिहीत नाही. तुम्ही एका महिन्याच्या आत लिहिलंत, वेळेवर लिहिलंत, म्हणून स्पष्ट सांगते. आणि काट्याचा विचार दिवसभर पाठ सोडत नसेल, जेवणाची, डोसाची भीतीच वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. समुपदेशकाशी बोलण्याची गरज असणं हा आजाराचाच भाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वजन का वाढलं ते सांगते, म्हणजे स्वतःला बोल लावणं थांबेल. एचबीएवनसी 9.6 म्हणजे शुगरची सरासरी साधारण 229, आणि 7.2 म्हणजे साधारण 160. रक्तातली साखर 180 च्या आसपास गेली की किडनी ती लघवीत सोडू लागते. वर्षानुवर्षं तुमच्या जेवणातला काही भाग असा वाहून जात होता. रोज 50 ग्रॅम साखर गेली तरी 200 कॅलरी गेल्या. गळकी टाकी बुजवल्यावर नळ पूर्वीइतकाच सोडला तर टाकी भरणारच. तुम्ही खाणं वाढवलं नसेल तरी वजन वाढलं असतं. त्यात दुसरी गोष्ट अशी की, निरोगी शरीरात इन्सुलिन स्वादुपिंडातून आधी यकृतात जातं आणि त्यातलं जवळपास निम्मं तिथेच वापरलं जातं. आपण ते कातडीखाली टोचतो, त्यामुळे यकृताला कमी आणि स्नायू-चरबीला जास्त पोहोचतं. आणि तिसरी गोष्ट, जी मला तुमच्या पत्रात सगळ्यांत ठळक दिसली : रात्रीचे लाडू.

त्यावर येतेच. आधी तुमचा मोठा प्रश्न, वजनामुळे बिघाड होतो का. होतो, आणि शुगर चांगली असतानाही होतो. ‘शुगर ताब्यात आहे ना, मग वजन चालतंय’ असं टाइप वनच्या बाबतीत फार काळ म्हटलं गेलं, ते बरोबर नाही.

यासाठी सगळ्यांत भक्कम आधार अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासाचा आहे. 1983 ते 1993 या काळात टाइप वनची 1441 माणसं त्यात होती. निम्म्यांना त्या काळची नेहमीची पद्धत, निम्म्यांना कडक नियंत्रण. एका गटाचं एचबीएवनसी 9 च्या आसपास, दुसऱ्याचं 7 च्या आसपास. कडक गटात, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांच्यात नेत्रपटलाचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला, नसांचा सुमारे 60 टक्क्यांनी, किडनीचाही बराच. पुढच्या पाठपुराव्यात हृदयविकाराच्या घटना 42 टक्क्यांनी कमी आढळल्या. तुम्ही 9.6 वरून 7.2 वर आलात तो प्रवास नेमका हाच आहे, आणि तो सोडायचा नाही.

पण त्याच अभ्यासात दोन गोष्टी बरोबरीने आल्या. गंभीर लो होण्याचं प्रमाण कडक गटात तिप्पट होतं, आणि पाच वर्षांत त्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साडेचार किलोंहून जास्त वाढलं. सगळ्यांचं सारखं नाही. त्या गटातल्या एक चौथाई लोकांचं खूप वाढलं. त्यांचा रक्तदाब चढला, कोलेस्टेरॉल बिघडलं, कंबर वाढली, इन्सुलिनची गरज वाढली. हृदयविकारात हा फरक लगेच दिसला नाही. पाठपुराव्याची पहिली 13 वर्षं कडक गटातल्या खूप वजन वाढलेल्यांचे आणि फारसं न वाढलेल्यांचे आकडे सारखेच होते. त्यानंतर ज्यांचं वजन खूप वाढलं होतं त्यांच्यात हृदयरोग वाढत गेला आणि कडक नियंत्रणाने हृदयाला मिळालेला फायदा बराचसा पुसला गेला. तुम्ही आज 29 च्या आहात. हा हिशेब तुमच्या चाळिशीत-पन्नाशीत मांडला जाईल, म्हणून तो आता बघायचा.

किडनीबद्दलही असंच. वाढलेल्या वजनाने किडनीच्या गाळण्यांवर दाब वाढतो, रक्तदाब त्यात भर घालतो. फिनलंडमधल्या टाइप वनच्या मोठ्या अभ्यासगटात तर आनुवंशिक माहितीच्या आधारे असं दिसलं की, जास्त वजन हे किडनीच्या बिघाडाचं नुसतं सोबती नसून त्याला कारणीभूत ठरतं. डोळ्यांच्या बाबतीत वजनाचा पुरावा इतका स्पष्ट नाही; तिथे शुगर आणि रक्तदाबच मोठे.

तुमचा 42 हा आकडा मात्र ‘किडनी जाणार’ असा वाचू नका. 30 ते 300 म्हणजे गाळणीतून अल्ब्युमिन किंचित झिरपू लागलंय. शिवाय एका तपासणीवर निदान होत नाही. पाळीच्या दिवसांत, तापात, लघवीला जंतुसंसर्ग असताना, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम झाला असताना, किंवा सध्या तुमची आहे तशी शुगर चढलेली असताना हा आकडा फुगतो. तीन ते सहा महिन्यांत सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी आणखी दोनदा करा. तिन्हींपैकी दोन वर आल्या तरच खरं धरतात. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, आणि घरी बसल्या जागी रक्तदाब. या टप्प्यावर झिरपणं थांबू शकतं, पुष्कळांचं पूर्ववत होतं.

68 किलो आणि 155 सेंटीमीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 28.3. पाश्चात्त्य तक्त्यात हे ‘थोडं जास्त’ दिसेल, आपल्याकडे 23 च्या वर जास्त आणि 25 च्या वर स्थूल धरतात. याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला होता : दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. आपली चरबी पोटात साठते आणि तीच इन्सुलिनला दाद देईनाशी करते. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगेल. बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या वर जाऊ नये. कंबर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि किलोमागे लागणारं इन्सुलिन (तुमचं सध्या 0.85 युनिट) हे सगळं मिळून चढत असेल, तर टाइप वनवर टाइप टूचा स्वभाव, म्हणजे इन्सुलिनला दाद न देणं, चढतो. डॉक्टर त्याला डबल डायबेटिस म्हणतात.

सासरच्यांना सांगायचं झालं तर एवढंच सांगा : शुगरवाली माणसं वाळतात ती इन्सुलिन नसताना. 1922 मध्ये इन्सुलिन हाती येण्याआधी टाइप वनची मुलं वाळून वाळून जायची. वाळलेली दिसणं ही तब्येतीची खूण कधीच नव्हती.

आता लाडू. रात्री दोनला शुगर 55 असते, हातपाय कापतात, मेंदू ओरडून खायला सांगतो, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यापाशी उभं राहून माणूस खातच सुटतो. त्यात लोभ नाही, ती शरीराची भीती आहे. पण हिशेब बघा. लो आवरायला 15 ग्रॅम साखर पुरते, म्हणजे पाण्यात सपाट तीन चमचे, 60 कॅलरी. दोन लाडू, चार बिस्किटं आणि कपभर दूध म्हणजे एका जेवणाइतकं होतं, आणि त्यातल्या तुपामुळे साखर चढतेही उशिरा, म्हणून आणखी खाल्लं जातं. उशाशी ग्लुकोजची पूड आणि पाण्याची बाटली मोजून ठेवा. घ्या, घड्याळ लावून 15 मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, 70 च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. ती 15 मिनिटं कठीण जातात हे मला माहीत आहे. जमलं तर नवऱ्याला उठवा, शेजारी बसू दे.

पण खरा उपाय लो होऊच नये हा. आठवड्यात तीन-चार रात्री लो होत असेल तर डोस चुकलेला आहे, खाणं नाही. इन्सुलिनला पुरं पडावं म्हणून खायची वेळ यायला नको. दोन आठवडे झोपताना, रात्री दोनला आणि उठल्यावर अशा तीन नोंदी ठेवा, किंवा परवडत असेल तर एकदा चौदा दिवसांचा सेन्सर लावून घ्या. त्या आलेखावर डॉक्टर डोस नीट बसवतील, आणि माझा अंदाज आहे की नुसत्या त्यानेच तुमचं एकूण इन्सुलिन काही युनिटांनी खाली येईल, एचबीएवनसी न बिघडता. तुम्हाला हवं होतं ते इन्सुलिन कमी होणं या वाटेने येतं.

आणखी एक, जे सतरा वर्षं टोचणाऱ्यांमध्ये मी नेहमी शोधते : बेंबीच्या आजूबाजूला, मांडीवर बोटं फिरवून बघा, कातडीखाली मऊ किंवा घट्ट गाठी लागतात का. त्याच त्याच जागी टोचून त्या होतात. तिथून इन्सुलिन कधी मिळतं, कधी मिळत नाही, मग डोस वाढवला जातो आणि एखाद्या रात्री सगळं एकदम लागू पडतं. गाठी सोडून नव्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त लागू होईल, म्हणून बदल डॉक्टरांना विचारून, थोडा कमी करून करायचा. सुईही दर वेळी नवी हवी. थायरॉइडची टीएसएच तपासणी वर्षभरात झाली नसेल तर करा. टाइप वन असलेल्या बायकांमध्ये थायरॉइड मंदावणं बरंच आढळतं आणि वजन त्यानेही चढतं. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा.

खाण्याबद्दल मी लांबलचक तक्ता देणार नाही. तुम्हाला 68 चे 48 करायचे नाहीत. साडेतीन ते पाच किलो सहा महिन्यांत, एवढंच ध्येय धरा. त्यातून रक्तदाब आणि इन्सुलिनची गरज दोन्ही खाली येण्याची चांगली शक्यता असते. जेवणाचा डोस पिठूळ पदार्थ मोजून घ्यायला शिका : मध्यम भाकरी किंवा वाटीभर भात म्हणजे सुमारे 30 ग्रॅम कर्बोदकं. ऑफिसातलं चार वाजताचं भडंग आणि साखरेचा चहा यांना कुणी डोस घेत नाही, मग संध्याकाळची शुगर चढते आणि जेवणाआधी जास्तीचं इन्सुलिन जातं. मूठभर फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा यावर आलात तर तो प्रश्नच मिटतो. ताटात आधी उसळ, भाजी, काकडी, भाकरी एकच. दिवसातून दोनदाच जेवायचं, किंवा भाकरी-भात पूर्ण सोडायचा, असले प्रकार टाइप वनच्या माणसाने दुसऱ्याचं बघून करू नयेत. एकीकडे लो, दुसरीकडे कीटोन, अशी कात्री होते. नवरात्राचा उपवास धरायचाच असेल तर आधी डोस विचारा, आणि साबुदाण्याऐवजी भगर-आमटी, तीही मोजून. प्रोटीनची पूड तूर्त नको, किडनीची तपासणी स्पष्ट होईपर्यंत.

चालणं जेवणानंतर, पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही वेळा. आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचे व्यायाम, पाण्याच्या बाटल्या घेऊन घरी केले तरी चालतील. स्नायू वाढले की इन्सुलिन कमी लागतं. संध्याकाळच्या जोराच्या व्यायामाने रात्री उशिरा लो होऊ शकते, म्हणून तुम्ही सुरुवात सकाळी करा. व्यायामाआधी शुगर 90 च्या खाली असेल तर थोडं खाऊन, आणि कीटोन असतील तर व्यायाम नाही.

आठवड्याच्या इंजेक्शनाबद्दल : आत्ता नको. 2025 पासून ती वजनासाठी आपल्याकडे मिळू लागली आहेत आणि टाइप टूमध्ये त्यांचा उपयोग मोठा आहे. टाइप वनसाठी त्यांना मान्यता नाही. त्याच जातीच्या लिराग्लुटाइडचे टाइप वनमध्ये मोठे प्रयोग झाले, वजन उतरलं, पण लो वाढली आणि शुगर चढून कीटोन होण्याचे प्रसंगही वाढले. पुढे चित्र बदलू शकतं, अभ्यास चालू आहेत. तुमच्याबाबतीत बाळाचा विचार असल्याने प्रश्नच नाही. त्यांतलंच एक सेमाग्लुटाइड घेत असल्यास गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, कुणी सुचवल्या तर स्पष्ट नाही म्हणा. युरोपात 2019 मध्ये वजन जास्त असलेल्या टाइप वनसाठी डापाग्लिफ्लोझिनला परवानगी मिळाली होती, 2021 मध्ये ती काढून घेतली गेली. या गोळ्यांवर शुगर फारशी चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि घरच्यांना कळतही नाही. मेटफॉर्मिन त्या मानाने निरुपद्रवी; वजन एखाद-दुसरा किलो उतरतं, शुगरवर टिकाऊ फरक पडत नाही. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) निघालं तर डॉक्टर ती देऊ शकतील.

बाळाचा विचार आहे हे डॉक्टरांना याच भेटीत सांगा, पुढच्या वर्षी नाही. कारण 42 पुन्हा वर आला तर ते रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन जातीची गोळी लिहितील. किडनीसाठी ती उत्तम, पण गर्भाला घातक, म्हणून कधी सुरू करायची आणि कधी बदलायची याचं वेळापत्रक आधीच लागतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. गर्भधारणेआधी एचबीएवनसी 6.5 च्या खाली, लो न होता, हे लक्ष्य धरतात. ते गाठेपर्यंत गर्भनिरोधक वापरा. फॉलिक ॲसिड आधीपासून लागेल, किती ते त्यांना विचारा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करून नेत्रपटलाची तपासणी या महिन्यातच करून घ्या : शुगर झपाट्याने सुधारल्यावर काही जणांचे जुने डोळ्यांचे बदल काही काळ वाढतात, गरोदरपणातही वाढतात, आणि आधी कळलं तर लेझरने आवरता येतात. तपासणीच्या दिवशी गाडी स्वतः चालवू नका, काही तास धूसर दिसतं. नवऱ्याला सोबत न्या, आणि येताना अर्ध्या डोसाची गोष्ट त्यांनाही सांगा.